एकच डबा, दहा तऱ्हेची उपकरणं: यंत्रमाग शेडसाठी वाढवता येणारा गेटवे कसा बांधायचा?

अक्कलकोट_रोड (धागाकर्ता)

सोलापूर एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या शेडसाठी एक नेटवर्क डबा (गेटवे, म्हणजे सगळ्या उपकरणांचे आकडे एका ठिकाणी गोळा करणारा संगणक) बांधायचा आहे. आज जोडायचं ते एवढं:

२४ माग, प्रत्येकावर पिक (आडव्या धाग्याची एकेक फेरी) मोजायला एक प्रॉक्सिमिटी सेन्सर
१२ वीजमीटर, आरएस४८५ वर (अनेक उपकरणांची एकच सामाईक तारजोडी) मॉडबस (प्रश्न-उत्तराची भाषा)
गाठोडी तोलायचा एक काटा, आरएस२३२ (एका उपकरणापुरती सिरियल तार)
एक यूएसबी बारकोड स्कॅनर, एक थर्मल लेबल प्रिंटर

खरी अडचण पुढची आहे. कारखानदार उद्या दुसऱ्या कंपनीचा काटा आणणार, परवा आर्द्रतेचा सेन्सर, तेरवा आणखी आठ माग. दर वेळी मुख्य प्रोग्रॅम उघडून त्यात 'हा मीटर असेल तर असं, तो असेल तर तसं' लिहीत बसायचं नाही. रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डावरचा छोटा संगणक) घ्यावा की फॅन नसलेला औद्योगिक पीसी, हेही ठरायचं आहे. रचना कशी ठेवावी?

---

गाभा_लहान_ठेवा

गाभ्याला, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमला, 'मीटर', 'काटा' हे शब्दच माहीत नसावेत. त्याला फक्त नोंद कळावी: उपकरणाची ओळख, राशी, किंमत, एकक, वेळ आणि दर्जा. दर्जा म्हणजे 'चांगला', 'शिळा' किंवा 'बिघाड'. हा शेवटचा रकाना लोक हमखास गाळतात. मग मीटर बंद पडला की पडद्यावर शून्य युनिट दिसतं, आणि वीज वाचली की वायर तुटली हे कुणालाच कळत नाही.

गाभ्याबाहेर तीन थर वेगळे ठेवा.

पहिला वाहतुकीचा: आरएस४८५, आरएस२३२, यूएसबी, इथरनेट. बाइट नेणं-आणणं एवढंच त्याचं काम.
दुसरा भाषेचा: मॉडबस, काट्याची चौकट (एका निरोपातली बाइटांची मांडणी), प्रिंटरच्या आज्ञा.
तिसरा नकाशाचा: या मॉडेलमध्ये व्होल्टेज कोणत्या रजिस्टरला (मीटरमधल्या आकड्याच्या खणाला), कितीने भागायचं, एकक कोणतं.

नवा मॉडबस मीटर आला तर फक्त नकाशाची फाइल लिहायची, कोड शून्य. तऱ्हेवाईक काटा आला तर भाषेच्या थरात पन्नासेक ओळी. संपूर्ण नवा प्रकार आला तरच नवा ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम).

नकाशा असा दिसेल (खऱ्या फाइलीत किल्ल्या इंग्रजीत ठेवा, इथे वाचायला मराठीत देतो):

करार: २
मॉडेल: तीन-फेज-मीटर-क
भाषा: मॉडबस-आरटीयू
राशी: व्होल्टेज-आर, रजिस्टर ०, फ्लोट३२, शब्दक्रम उलटा, एकक व्होल्ट, दर ६० सेकंदांनी
राशी: एकूण-ऊर्जा, रजिस्टर ५२, पूर्णांक३२, भागाकार १००, एकक किलोवॅट-तास, वाढतीच

पत्ता, वेग, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) आणि 'शेड २, पूर्वेची भिंत' यातलं काहीही या फाइलीत येऊ देऊ नका. ते जागेच्या फाइलीत. मॉडेल एकदाच लिहायचं, जागा बारा वेळा.

'करार: २' हा आकडा, म्हणजे फाइलीच्या रचनेची आवृत्ती, पहिल्या दिवसापासून हवा. गाभ्याने न ओळखलेला रकाना दुर्लक्षून पुढं जायचं, पण कराराचा आकडा स्वतःपेक्षा मोठा दिसला तर ती फाइल नाकारून स्पष्ट चूक नोंदवायची. चुकीचा आकडा गुपचूप साठवण्यापेक्षा नकार बरा.

प्रत्येक ड्रायव्हर स्वतंत्र प्रोसेस. डब्याच्या आत मॉस्किटो (निरोप वाटणारा ब्रोकर प्रोग्रॅम) चालवा आणि ड्रायव्हर-गाभा बोलणं एमक्यूटीटीवर, म्हणजे त्याच्या निरोपांच्या भाषेत, ठेवा. पोर्ट १८८३ फक्त डब्यापुरतं ऐकणारं. एमक्यूटीटीचं 'लास्ट विल' इथे फुकटात कामी येतं: ड्रायव्हर मेला की ब्रोकर स्वतःच त्याची 'मृत' अशी खबर देतो आणि गाभा त्याच्या सगळ्या राशींचा दर्जा 'बिघाड' करतो.

---

फ्लो_वाला

एवढा खटाटोप कशाला, मालक? नोड-रेड टाका, पडद्यावर चौकोन (नोड) जोडून फ्लो बनवायचं साधन. मॉडबसचा नोड आहे, सिरियलचा आहे, एमक्यूटीटीचा आहे. दोन दिवसांत उभं राहतं.

---

गाभा_लहान_ठेवा

उभं राहतं, मान्य. नमुना दाखवायला मीही तेच सुचवीन. पण नोड-रेडमधले सगळे नोड एकाच प्रोसेसमध्ये चालतात. काट्याच्या नोडमध्ये न पकडलेली चूक झाली की पूर्ण प्रोसेस कोसळते आणि २४ मागांची मोजणीही थांबते. दुसरं, बारा मीटरचे बारा फ्लो चिकटवले की मॉडेल आणि जागा यांची पुन्हा खिचडी होते. वाटल्यास वरच्या थरात ठेवा: गाभ्याकडून नोंदी घेऊन अलार्म, अहवाल, मोबाइलवर निरोप. उपकरणांच्या थेट अंगाला लावू नका.

---

रजिस्टर_४०००१

मॉडबसमध्ये काय काय चावतं ते सांगतो.

पुस्तिकेत ४०००१ लिहिलेलं असतं, तारेवर तो पत्ता ० जातो. काही कंपन्या पुस्तिकेतच तारेवरचा पत्ता देतात. त्यामुळे एकाचा फरक पडतो आणि व्होल्टेजच्या जागी भलतंच येतं. नकाशात कायम तारेवरचा पत्ता लिहायचा, हा नियम करून टाका.

३२ बिटी किंमत दोन रजिस्टरांत येते. आधी वरचा शब्द की खालचा, याचं मॉडबसच्या प्रमाणात उत्तर नाही. २३० व्होल्टऐवजी अचाट मोठा किंवा शून्याला चिकटलेला आकडा दिसला तर आधी शब्दक्रम उलटून बघा.

प्रमाणाप्रमाणे मूळ पॅरिटी 'सम' आहे, पण बाजारातले पुष्कळ मीटर कारखान्यातून 'पॅरिटी नाही' असे येतात. एका बसवरच्या (एकाच सामाईक तारेवरच्या) सगळ्यांचा वेग आणि पॅरिटी एकच हवी. पत्ता १ ते २४७. नवे मीटर बहुधा पत्ता १ घेऊन येतात, म्हणून भिंतीवर लावण्याआधी टेबलावर एकेकाला पत्ता द्या. दोन मीटर पत्ता १ वर राहिले तर दोघं एकदम बोलतात आणि सीआरसी (चूक पकडायचा तपासणी-आकडा) चुकत राहतो.

आता वेळेचा हिशेब. ९६०० वेगाला २० रजिस्टरं वाचायची तर प्रश्न ८ बाइट, उत्तर ४५ बाइट. एका बाइटला ११ बिट धरले तर ५८३ बिट, म्हणजे सुमारे ६१ मिलिसेकंद. मीटरचा विचार करायचा वेळ ५० धरा, चौकटींमधली साडेतीन अक्षरांची शांतता साधारण ४ मिलिसेकंद दोनदा. एक मीटर १२० मिलिसेकंदांत आटोपतो, बारा मीटर दीड सेकंदात.

आता एक मीटर बंद पडला. टाइमआउट १ सेकंद आणि एकूण तीन प्रयत्न, म्हणजे प्रत्येक फेरीत ३ सेकंद वाया. तीन मीटर बंद तर ९. म्हणून टाइमआउट ३०० मिलिसेकंदांवर आणा, आणि लागोपाठ तीन वेळा न बोललेल्याला बाजूला काढा: आधी १० सेकंदांनी विचारा, मग ३०, मग दर ५ मिनिटांनी. बोलला की पुन्हा रांगेत.

एका बसचा मालक एकच. दोन ड्रायव्हरनी तेच पोर्ट उघडलं तर एकाचं उत्तर दुसरा खातो. बसवर एक रांग चालवणारी प्रोसेस ठेवा, बाकीच्यांनी तिच्याकडे अर्ज टाकायचा.

---

चौकट_चौकशी

यूएसबीसारखं आरएस४८५ वरचं उपकरण आपोआप ओळखता येईल का? लावलं की डब्याने स्वतः सांगावं 'हा अमुक मीटर'.

---

रजिस्टर_४०००१

मॉडबसमध्ये तशी सोय नाही. २४७ पत्त्यांना प्रत्येकी २०० मिलिसेकंद दिले तर एक चाळणी सुमारे ४९ सेकंदांची, आणि ती एका वेग-पॅरिटी जोडीची. चार वेग, तीन पॅरिटी म्हटलं तर जवळपास दहा मिनिटं, आणि तेवढा वेळ चालू मीटरांची बस अडवून. उभारणीच्या वेळी बटण दाबून करायला ठीक, रोज नको. शिवाय उत्तर आलं तरी मॉडेल कोणतं हे कळेलच असं नाही. उपकरणाची ओळख सांगणारं फंक्शन प्रमाणात आहे, पण स्वस्त मीटर ते क्वचितच पाळतात.

यूएसबीत व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक मिळतो, तिथेही एक खोच आहे. पोर्टाचं नाव ज्या क्रमाने वायर लागली त्या क्रमाने पडतं. वीज गेली-आली की कालचा काटा आज प्रिंटरच्या नावावर. यूडेव्हचा (लिनक्सची उपकरणांना नावं देणारी सोय) नियम लिहून कायमचं नाव द्या. एफटीडीआय चिपच्या बहुतेक यूएसबी-सिरियल वायरींना स्वतःचा अनुक्रमांक असतो, त्यावरून नाव देता येतं. सीएच३४०जी चिपमध्ये तो नसतोच. अशा दोन वायरी लावल्या तर वेगळं ओळखायला भौतिक पोर्टाचा मार्ग एवढाच आधार. मग डब्यावर प्रत्येक पोर्टाखाली चिठ्ठी चिकटवा आणि जॉबरला (माग सांभाळणाऱ्या मिस्त्रीला) सांगून ठेवा की खोचा बदलायच्या नाहीत.

एफटीडीआयचं आणखी एक: लिनक्सवर लेटन्सी टाइमर (आलेले बाइट पुढे देण्याआधी थांबायचा वेळ) मुळात १६ मिलिसेकंदांचा असतो. मॉडबससाठी तो १ वर आणा, प्रत्येक फेरीत वेळ वाचतो.

---

वायर_आधी

कोड छान चाललाय, आता तारेकडे या. उपकरणं वाढवता येणं निम्मं वायरिंगवर ठरतं.

आरएस४८५ माळेसारखी न्यायची: डबा, मीटर १, मीटर २, शेवटचा मीटर. वायरमन घरच्या सवयीने जंक्शन बॉक्समधून चांदणी काढतो, ती इथे चालत नाही. दोन टोकांना १२० ओहम, मधे कुठेही नाही. स्वस्त मॅक्स४८५ (आरएस४८५ च्या चिपच्या) बोर्डांवर १२० ओहम बसवलेलाच येतो. असे दहा बोर्ड लावले तर बसवर १२ ओहमचा भार पडतो आणि सिग्नल बसतो. मधल्या बोर्डांवरचा रोध काढूनच लावा.

बस मोकळी असताना ए आणि बी मध्ये किमान २०० मिलिव्होल्ट फरक हवा, नाहीतर रिसीव्हर वाऱ्यावर आकडे वाचतो. दोन्ही टोकांचे रोध समांतर धरले तर ६० ओहम. ५ व्होल्टवरून वर-खाली ६८० ओहम लावले तर २११ मिलिव्होल्ट मिळतात, ५६० लावले तर २५४. मी ५६० म्हणेन. ही बायसिंगची जोडी पूर्ण बसवर एकदाच, डब्याच्या बाजूला.

ए आणि बी या नावांवर विश्वास नको. चिपवाल्यांचा ए आणि मीटरवाल्यांचा ए पुष्कळदा उलटे असतात. एखादा मीटर अजिबात बोलत नसेल तर दोन तारा अदलून बघा, काही जळत नाही.

तिसरी तार, म्हणजे सिग्नलचा कॉमन, सोडू नका. बसला उणे ७ ते अधिक १२ व्होल्टचा फरक सोसतो, त्यापलीकडे चिप जाते. एका शेडच्या दोन टोकांच्या अर्थिंगमध्येही मोटरा चालू-बंद होताना फरक पडतो. म्हणून डब्याच्या बाजूला आयसोलेटेड ट्रान्सीव्हर (डबा आणि बस यांच्यात विजेचा थेट संबंध नसलेला) घ्या आणि बसवर एसएम७१२ हा टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका गिळणारा) लावा, तो नेमका याच व्होल्टेजसाठी बनवलेला आहे. शील्ड एकाच टोकाला अर्थ. मोटरच्या केबलला समांतर न्यायची नाही. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

आणि बस दोन करा. मीटर एकीवर, मागांची इनपुट मॉड्यूलं दुसरीवर. एका मीटरने बस धरून ठेवली तरी पिक मोजणं चालू राहतं.

---

धोटा_आणि_बाणा

मागांचं बोलू. पायच्या पिनांना सेन्सर लावायचा विचार असेल तर सोडा. त्या पिना ३.३ व्होल्टच्या आणि सेन्सर २४ चा. ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल नेणारा भाग) लावला तरी वीस मीटर तारेतला गोंगाट थेट प्रोसेसरपाशी येतो. मॉडबसवर बोलणारी, आत काउंटर असलेली १६ इनपुटची मॉड्यूलं दोन घ्या. ३२ इनपुट झाले, २४ आजचे आणि ८ तुमच्या वाढीव मागांचे. मॉड्यूल पीएनपी (सिग्नलवर अधिक व्होल्ट देणारा सेन्सर) मागतं की एनपीएन (सिग्नल शून्याकडे ओढणारा) हे आधी बघून मगच सेन्सर मागवा. बाजारात परत घेत नाहीत.

सेन्सर इंडक्टिव्हच, म्हणजे धातू जवळ आला की ओळखणारा. प्रकाशावर चालणारा टॉवेलच्या मागाजवळ तुसाने आठवड्यात आंधळा होतो. एम१२ फ्लश सेन्सर साधारण २ मिलिमीटरवर ओळखतो, थरथरणाऱ्या मागावर एवढं अंतर टिकत नाही. एम१८ नॉन-फ्लश ८ मिलिमीटरपर्यंत जातो, तो ४ वर लावा. क्रँकशाफ्टच्या चाकावर लोखंडी बोल्ट, एका फेऱ्याला एक पिक.

आता मुख्य सापळा. पुष्कळ मॉड्यूलांचा काउंटर १६ बिटी असतो. १५० पिक प्रतिमिनिट धावणाऱ्या मागावर ६५,५३६ हा आकडा ४३७ मिनिटांत, म्हणजे सव्वासात तासांत भरतो आणि पुन्हा शून्य होतो. बारा तासांच्या पाळीत हे एकदा होणारच. म्हणून एकूण आकडा साठवायचा नाही, दोन वाचनांतला फरक ६५,५३६ च्या चक्रात काढायचा.

पण मॉड्यूलची वीज गेली तरी काउंटर शून्यच होतो. आधी ४०,००० होता, आता १२० आहे. चक्राचा हिशेब लावला तर २५,६५६ पिक दहा सेकंदांत विणले असं निघेल! १५० च्या मागावर दहा सेकंदांत २५ पिक होतात. नकाशात 'जास्तीत जास्त वेग' असा रकाना ठेवा. फरक त्याबाहेर गेला तर 'काउंटर नव्याने सुरू' अशी घटना नोंदवा आणि तो तुकडा शिळा धरा. डब्याचं नेटवर्क तासभर तुटलं होतं तर मर्यादाही तासाच्या हिशेबाने मोजायची, हे विसरू नका.

---

अक्कलकोट_रोड

हे सव्वासात तासांचं गणित कागदावर केलंच नव्हतं. धन्यवाद. काटा, स्कॅनर, प्रिंटरबद्दल कुणी?

---

शेंगाचटणी_४१३००१

काटा: दोन तऱ्हा असतात. काही सतत आकडे ओततात, काही मागितल्यावर देतात. सतत ओतणाऱ्याची चौकट बहुधा सुरुवातीचं चिन्ह, मग स्थिर-अस्थिर खूण, वजन, एकक, शेवटचं चिन्ह अशी. स्थिर खूण येईपर्यंत वजन घ्यायचं नाही. खूणच नसेल तर लागोपाठ पाच वाचनं काट्याच्या सर्वात लहान एका भागाच्या आत जुळली की घ्या. काटा बोलतच नसेल तर नऊ पिनांच्या वायरीत २ आणि ३ अदलून बघा, सरळ आणि उलट्या वायरीचा घोळ नेहमीचा. आरएस२३२ ची तार १५ मीटरच्या आत. काट्यावर वैधमापनाची मोहोर असते, त्यामुळे आत हात घालून सिग्नल काढायचा नाही. मागच्या पोर्टातून येईल तेवढंच घ्यायचं.

स्कॅनर: मुळात तो कीबोर्ड म्हणून लागतो. डब्याला पडदा नसला तरी अक्षरं लॉगिनच्या जागी टाइप होत राहतात. पुस्तिकेतला सेटिंगचा बारकोड वाचून त्याला व्हर्च्युअल कॉम पोर्टवर टाका. तो पर्याय नसेल तर ड्रायव्हरने इनपुट उपकरण एकट्यासाठी ताब्यात घ्यावं.

प्रिंटर: इथं मराठीचा प्रश्न येतो. बहुतेक थर्मल प्रिंटरांच्या अंगच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते, आणि असली तरी जोडाक्षरं तुटतात. 'सोलापुरी' नीट आलं म्हणून खूश होऊ नका, 'पद्म', 'वस्त्र', 'कार्य' छापून बघा. खात्रीचा मार्ग म्हणजे डब्यावरच हार्फबझने अक्षरं जुळवून चित्र करायचं आणि चित्र पाठवायचं. २०३ डीपीआय म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. ५० बाय २५ मिलिमीटरचं लेबल ४०० बाय २०० ठिपके, म्हणजे १०,००० बाइट. ९६०० च्या सिरियलवर ते जायला दहा सेकंदांहून जास्त लागतात, म्हणून प्रिंटर यूएसबी किंवा इथरनेटचाच घ्या. बारकोड मात्र चित्रात नको, प्रिंटरच्या स्वतःच्या आज्ञेने काढा. चित्र लहान-मोठं करताना रेघा बिघडतात.

इथरनेट प्रिंटर ९१०० पोर्टावर सगळं गिळतो. बाइट गेले म्हणजे लेबल छापलं असं नाही. कागद संपल्याची खूण वेगळी विचारावी लागते. ड्रायव्हरने 'पाठवलं' आणि 'छापलं' या दोन अवस्था वेगळ्या सांगाव्यात, आणि दुसरी न सांगणाऱ्या मॉडेलच्या नकाशात तसं लिहावं.

---

वायर_आधी

पाय की पीसी, याचं उत्तर राहिलं. पाय ४ चालेल, पण तीन अटींवर.

उष्णता: मे महिन्यात सोलापूर ४२-४३ अंशांवर असतं, पत्र्याखाली त्याहून वर. बंद डब्यात आणखी १५ धरा. पाय ८० अंशांना वेग कमी करायला लागतो. पंखा लावायचा नाही, तो तूस ओढून घेतो आणि हीटसिंकवर गोधडी बसते. चिप थेट ॲल्युमिनियमच्या डब्याला टेकवा आणि डब्याचे फिन उभे ठेवा, म्हणजे तूस कमी बसते.

वीज: २४ व्होल्टचा डीन-रेल सप्लाय, त्यातून ५ व्होल्टचा बक (व्होल्टेज उतरवणारा). २४ च्या बाजूला १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर २४ वरून १२ व्होल्टवर उतरेपर्यंत साधारण २.१६ जूल मिळतात. ६ वॅटच्या भाराला हे तिसऱ्या हिश्श्याच्या सेकंदाएवढं. 'वीज जातेय' हा सिग्नल २४ च्याही आधी, सप्लायकडे येणाऱ्या विजेवरून घ्या आणि तेवढ्या वेळात लिहिणं थांबवा. सप्लाय आणि कपॅसिटर यांच्यामधला डायोड विसरलात तर तो साठा सप्लायच्या बाजूला उलटा वाहून जातो. कपॅसिटर १०५ अंशांचेच.

यूएसबी: पाय ४ च्या चारही पोर्टांना मिळून १.२ अँपिअर. यापलीकडे वाढ हवी तर स्वतःचा सप्लाय असलेला हब, आणि शक्यतो एकेक पोर्ट खरोखर बंद-चालू करता येणारा. अडकलेला स्कॅनर जागा करायला दुसरा उपाय नसतो.

पाय ४ ला घड्याळाची बॅटरी नाही. डीएस३२३१ हे बॅटरीवालं घड्याळ लावा, नाहीतर इंटरनेट नसलेल्या सकाळी सगळ्या नोंदी जुन्या तारखेला पडतात.

---

गाभा_लहान_ठेवा

साठवणुकीचा हिशेबही करा. १२ मीटर गुणिले ८ राशी अधिक २४ माग, हे सगळं दर दहा सेकंदांना घेतलं तर दिवसाला १० लाखांवर नोंदी. मीटर मिनिटाला एकदा आणि माग दहा सेकंदांना केले की साडेतीन लाखांच्या आत येतं. एसक्यूलाइट (एका फाइलीतला डेटाबेस) चालेल, पण प्रत्येक नोंदीला वेगळा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) नको. दहा सेकंदांचा गठ्ठा एकदम लिहा, कार्ड जास्त टिकतं. मूळ प्रणालीचं विभाजन फक्त वाचनासाठी, डेटाचं वेगळं. अपडेटसाठी दोन प्रणाली-विभाग ठेवा: नवीन दुसऱ्यात टाकायची, ती उभी राहून तिने सगळ्या ड्रायव्हरची हाक ऐकली तरच कायम करायची, नाहीतर वॉचडॉग (अडकलं की रीस्टार्ट करणारा पहारेकरी) परत जुनीवर आणतो. नकाशाच्या फाइली या अपडेटपासून वेगळ्या, नाहीतर एक मीटर बदलायला अख्खी प्रणाली पाठवावी लागेल.

प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा युजर द्या, आणि त्याला त्याच्याच पोर्टाची परवानगी. मॉडबस टीसीपीच्या ५०२ पोर्टाला पासवर्ड नावाची चीजच नाही, म्हणून उपकरणांचं नेटवर्क ऑफिसच्या वायफायपासून वेगळं ठेवा.

---

अक्कलकोट_रोड

खरेदीची यादी केली. चूक असेल तर सांगा.

पाय ४ (४ जीबी), ॲल्युमिनियम डबा, डीएस३२३१
२४ व्होल्ट ५ अँपिअर सप्लाय, ५ व्होल्ट ५ अँपिअर बक
आयसोलेटेड आरएस४८५ पोर्ट २, टर्मिनेशनचा स्विच असलेले
१६ इनपुट काउंटर मॉड्यूल २, एम१८ नॉन-फ्लश पीएनपी सेन्सर २६ (दोन जादा)
एसएम७१२ दोन, ५६० ओहम चार, १२० ओहम चार
सप्लायसह हब १, एफटीडीआयची आरएस२३२ वायर १

---

वायर_आधी

१२० चे दोनच लागतील. डबा दोन्ही बसच्या टोकाला आहे आणि पोर्टात स्विच आहे, तो चालू करा. बाहेरच्या टोकांना एकेक. स्विच चालू ठेवून वरून रोधही लावलात तर त्या टोकाला ६० होतील. आणि पोर्टात बायसिंग आधीच आहे का ते मल्टीमीटर लावून बघा, असेल तर ५६० चे चारही लावू नका.

---

धोटा_आणि_बाणा

सेन्सर मागवण्याआधी मॉड्यूलची पुस्तिका. पीएनपी लिहिलंय, ते कशावरून?

---

अक्कलकोट_रोड

अंदाजाने लिहिलं होतं. आत्ता पुस्तिका उघडली, मॉड्यूल एनपीएन मागतंय. यादी दुरुस्त करतो.